कड्याला ऊन लागू द्या : ब्रिस्टल परिसरातील मराठी मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

भारतातून पाहुणे आले की क्लिफ्टनचा झुलता पूल दाखवायला आपण सगळेच नेतो. 1864 मध्ये खुला झालेला हा पूल एव्हन नदीच्या घळईवर सुमारे 75 मीटर उंचीवर आहे, आणि फोटो निघतो तोही पुलाचाच. हे पत्र त्या फोटोच्या कडेला येणाऱ्या करड्या कड्यांबद्दल आहे. जगात दुसरीकडे कुठेही न उगवणारी झाडे त्या कड्यांवर आहेत. त्यांच्यावरच्या संकटांपैकी एक मोठे संकट घळईच्या आसपासच्या घरांच्या बागांतून तिथे पोहोचते, आणि त्या घरांत आपलीही घरे आली. म्हणूनच हे पत्र कौन्सिलला न लिहिता आपल्याला लिहीत आहोत.

मागणे आधीच सांगून टाकतो. आपल्या बागेत कोटोनिॲस्टर हे लाल फळांचे शोभेचे झुडूप असेल तर ते ओळखा आणि काढा. घळईत आणि तिच्या माथ्यावरच्या डाउन्स या माळावर स्वतःहून काहीही लावू नका, पेरू नका. आणि हिवाळ्यातला एखादा दिवस तिथली झुडपे तोडण्याच्या कामाला द्या. शेवटची विनंती वाचून काहींना धक्का बसेल, कारण आपल्याकडे निसर्गावर प्रेम म्हणजे झाड लावणे हे शाळेपासून मनात बसलेले असते. पण या कड्यांवर झाड काढणे हेच संवर्धनाचे मुख्य काम आहे.

घळई सुमारे अडीच किलोमीटर लांब आणि 90 मीटरच्या आसपास खोल. खडक चुनखडीचा, सुमारे 35 कोटी वर्षांपूर्वी उबदार, उथळ समुद्राच्या तळाशी साठलेला. चुनखडक पाणी धरून ठेवत नाही. पाऊस पडला की पाणी फटींतून खाली निघून जाते. कड्याच्या पायरीवर माती असते जेमतेम दोन-चार सेंटिमीटर. क्लिफ्टनच्या बाजूचे कडे नैर्ऋत्येकडे तोंड करून उभे असल्याने दुपारचे सगळे ऊन त्यांच्यावर येते, आणि जून-जुलैत ती माती अक्षरशः भाजून निघते. मातीत कॅल्शियम इतके असते की स्फुरद आणि लोह असूनही मुळांना सहज मिळत नाही. सवय नसलेले रोप अशा ठिकाणी पिवळे पडते, खुरटते, मरते. जोमाने वाढणारी गवते, चिडवणासारखी खादाड झाडे, काटेरी ब्रॅम्बल हे सगळे त्यामुळेच मागे राहतात आणि हळू वाढणाऱ्या, चिवट, बुटक्या वनस्पतींना जागा मिळते. दुष्काळी, निकस माती हेच त्यांचे संरक्षण आहे. त्या जागेला सावली मिळाली, पालापाचोळा साठला, खत मिळाले की ते संरक्षण संपले.

या वनस्पती कोण, तर त्यांची कुळे आपल्या ओळखीची आहेत. ब्रिस्टल अनियन हा कांद्या-लसणाचा भाऊबंद. जुलै-ऑगस्टमध्ये सरळ दांड्यावर जांभळट-लाल गोल गेंद येतो. ब्रिटनच्या मुख्य बेटावर तो फक्त या घळईत सापडतो, आणि त्याची इथली पहिली नोंद 1847 ची आहे. ब्रिस्टल रॉक-क्रेस मोहरीच्या कुळातली. जमिनीला चिकटलेला गडद हिरव्या, केसाळ पानांचा छोटा फेर आणि मार्च ते मे फिकट पिवळसर फुले. ब्रिटनमध्ये तिचेही मूळ घर हीच घळई. ऑटम स्क्विल ही आपल्या रानकांद्याच्या नात्यातली. ऑगस्ट-सप्टेंबरात बोटभर उंचीची निळसर जांभळी फुले येतात, आणि तेव्हा तिची पाने बहुधा दिसतही नाहीत. पुलाच्या कामाला सुरुवात झाली तेव्हा स्क्विलची जागा कामाखाली जाणार होती. कामावरच्या एका अभियंत्याच्या पत्नीने ती मातीच्या ढेपांसकट उचलवून दुसरीकडे लावली. वनस्पती वाचवण्यासाठी केलेल्या स्थलांतराचे इतके जुने उदाहरण विरळाच.

होनवर्टकडे मात्र गुडघे टेकून पाहावे लागते. कोथिंबीर-ओव्याच्या कुळातले हे झाड वीतभरही उंच होत नाही. पाने दोऱ्यासारखी बारीक, करडी हिरवी. मे-जूनमध्ये पांढरी, मोहरीच्या दाण्याएवढी फुले. नर फुलांचे झाड वेगळे, मादीचे वेगळे. झाड काही वर्षे नुसती पाने घेऊन बसते, एकदा फुलते, बी टाकते आणि मरते. याचा अर्थ असा की एका पायरीवर नर आणि मादी जवळजवळ, एकाच हंगामात फुलायला हवीत, बी उघड्या मातीवर पडायला हवे आणि पुढची काही वर्षे त्या रोपट्यावर सावली यायला नको. पायवाटेवरून बाजूला टाकलेले एक पाऊल किंवा वर पसरलेली एक फांदी एवढ्याने ही साखळी तुटते. विल्यम टर्नर या वनस्पतीशास्त्रज्ञाने 1562 मध्ये याच कड्यांवरून होनवर्टची नोंद केली. साडेचारशे वर्षांहून अधिक काळ एक वीतभर झाड एकाच ठिकाणी टिकून आहे.

आणि मग व्हाइटबीम. सफरचंद-गुलाबाच्या कुळातले सॉर्बस हे त्यांचे प्रजातिनाम. पानाची खालची बाजू पांढुरक्या लवीने भरलेली असते. वारा सुटला की अख्खे झाड रुपेरी दिसते, आणि ही खूण पोर्टवे रस्त्यावरून गाडीतूनही दिसते. ब्रिस्टल व्हाइटबीम आणि विल्मॉट्स व्हाइटबीम या दोन जाती जगात फक्त एव्हन घळईत आहेत, ली वूड्स व्हाइटबीमसारख्या आणखी काही इथल्याच म्हणून अलीकडे ओळखल्या गेल्या. एवढ्याशा जागेत इतक्या जाती कशा? जवळच्या जातींचा संकर होतो आणि संकरित झाडाची गुणसूत्रे विषम संख्येत आली तर सर्वसाधारण बी धरत नाही. व्हाइटबीमने यावर वाट काढली आहे. त्यांच्या बऱ्याच जाती फलन न होताच बी बनवतात, त्यामुळे रोप आईची हुबेहूब प्रत असते. एखादा यशस्वी संकर अशा रीतीने आपली स्वतंत्र जात चालवू शकतो. मात्र अशा जातीची एकूण झाडे शेकड्यांतच मोजायची असतात, आणि त्यांची जागा बदलत नाही. व्हाइटबीमना सावली अजिबात सोसत नाही. वरून दुसऱ्या झाडांनी छत धरले की ती फुलणे सोडतात, खाली रोपे येत नाहीत आणि म्हातारी झाडे एकेक करून वाळतात.

आता मुख्य प्रश्न: इतकी शतके हे कडे उघडे राहिले ते कसे? ही जागा अस्पर्श होती असे समजू नये. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इथे दगडाच्या मोठ्या खाणी चालल्या. आज आपण ज्याला कडा म्हणतो त्यातला बराचसा भाग खाणीचा उघडा पडलेला चेहरा आहे. माथ्यावरच्या क्लिफ्टन डाउन आणि डरडम डाउन या माळांवर मेंढ्या चरत. 1861 च्या कायद्याने हे माळ नागरिकांसाठी कायमचे मोकळे राहिले. नदीपलीकडच्या ली वूड्स या जंगलाचा भाग 1909 मध्ये नॅशनल ट्रस्टला मिळाला. जमीन सुरक्षित झाली, इमारती आल्या नाहीत, हे फार मोठे काम झाले. पण 1920 च्या दशकात चराई बंद पडली आणि त्यानंतर हळूहळू झुडपे, ॲश, सिकॅमोर, आयव्ही वर चढू लागली. कागदावर जागा राखीव, आणि प्रत्यक्षात गवताळ पट्टे सावलीखाली नाहीसे होत चाललेले. नुसते सोडून दिले की ही जागा मरते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही पटत नाही.

यातले सगळ्यांत जड प्रकरण म्हणजे होम ओक. भूमध्य समुद्राकाठचे हे सदाहरित झाड शोभेसाठी इथे आणले गेले. इथले बहुतेक वृक्ष हिवाळ्यात पाने गाळतात, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये लवकर फुलणाऱ्या रॉक-क्रेससारख्या वनस्पतींना ऊन मिळून जाते. होम ओकखाली बाराही महिने अंधार. त्याची चामड्यासारखी पाने लवकर कुजत नाहीत, थर साठत जातो आणि त्याखाली काही रुजत नाही. त्याची फळे जे नावाचे पक्षी नेऊन फटींत पुरून ठेवतात आणि विसरतात. नुसता तोडला तर खुंटातून झुडूप होऊन दुप्पट फुटतो. म्हणून दोरावर उतरून काम करणारे प्रशिक्षित लोक त्याला सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात, पक्ष्यांची घरटी नसताना, तोडतात आणि काही मिनिटांच्या आत ताज्या कापावर तणनाशक ब्रशने लावतात. उशीर केला तर काप सुकतो आणि औषध आत शिरत नाही. मूळ उपटायचे नाही, कारण मुळाबरोबर फट उघडते, दगड सुटतो आणि खाली पोर्टवेची वाहतूक आहे. तोडलेल्या फांद्याही तिथेच टाकून चालत नाही. त्या कुजल्या की निकस माती सकस होते आणि रिकाम्या जागेवर पहिल्यांदा ब्रॅम्बल येते. तोडणी एकदा करून भागत नाही. दोन-तीन वर्षे त्याच जागी परत जाऊन नवे फुटवे कापावे लागतात, नाहीतर पहिल्या वर्षाची मेहनत वाया.

जिथे माणूस वारंवार जाऊ शकत नाही तिथे 2011 मध्ये शेळ्यांची योजना झाली. क्लिफ्टनच्या बाजूला ‘द गली’ नावाची छोटी उभी दरी आहे. तिथे कुंपण घालून वेल्समधल्या ग्रेट ऑर्मवरून आणलेले काश्मिरी वंशाचे 6 प्राणी सोडले गेले. शेळी मेंढीसारखी फक्त गवत कुरतडत नाही. ती झुडपाचे शेंडे, साल, ब्रॅम्बलचे काटेरी कोंब आवडीने खाते आणि साठ-सत्तर अंशांच्या उतारावर चढते. अर्थात तिला दुर्मीळ झाड कोणते आणि तण कोणते हे कळत नाही, म्हणून संख्या कमी आणि कुंपण पक्के हवे. आपल्याला तिथे शेळ्या दिसल्या तर मुलांना कौतुकाने जरूर दाखवा, पण पोळी, केळी, बिस्किटे देऊ नका. पोट भरलेली शेळी काटे खात नाही.

आता आपल्या घराकडे येऊ. कोटोनिॲस्टर हे झुडूप ब्रिस्टलच्या असंख्य बागांत घराबरोबर विकत आलेले असते. लावले कोणी, हे नव्या घरमालकाला माहीतही नसते. भिंतीला टेकून माशाच्या काट्यासारख्या एकाच पातळीत पसरणाऱ्या फांद्या दिसल्या तर ती हॉरिझाँटॅलिस जात. नखापेक्षा लहान, जाड, गडद पाने घेऊन दगडाला घट्ट चिकटून सरपटणारी ती मायक्रोफायलस किंवा इंटेग्रिफोलियस. दोन-तीन मीटर सरळ उंच वाढणारी सिमॉन्साय. यांतल्या काही मूळच्या हिमालयातल्या. सगळ्यांना मे-जूनमध्ये बारीक पांढरी-गुलाबी फुले आणि शरद ऋतूत लाल बोरांसारखी फळे. ती फळे ब्लॅकबर्ड आणि थ्रश खातात, उडून कड्यावर बसतात आणि बी विष्ठेबरोबर नेमके फटीत पडते. गंमत अशी की व्हाइटबीमला तारणारी युक्ती यांच्याकडेही आहे: अनेक जाती फलनाशिवाय बी बनवतात, त्यामुळे कड्यावर एकच झुडूप पोहोचले तरी पुढची पिढी निघते. फांदी दगडाला टेकली की तिथेही मुळे फुटतात. दहा-पंधरा वर्षांत होनवर्टची अख्खी पायरी या गालिच्याखाली जाते.

2010 मध्ये कोटोनिॲस्टरच्या पाच जाती वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्याच्या शेड्यूल 9 मध्ये घातल्या गेल्या, म्हणजे त्या मोकळ्या निसर्गात लावणे किंवा पसरवणे गुन्हा ठरला. बागेत असणे गुन्हा नाही, त्यामुळे काढायचा की नाही हा निर्णय आपलाच. काढायचे ठरवले तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचे पहिले आठवडे ही वेळ चांगली: घरटी रिकामी झालेली असतात आणि फळे अजून पिकलेली नसतात. तरी कापण्याआधी आत घरटे नाही ना हे पाहाच. आदल्या दिवशी पाऊस झालेला असावा, जमीन मऊ असते. आधी फांद्या लॉपरने छाटून खाली अंथरलेल्या चादरीवर घ्या, म्हणजे फळे मातीत सांडत नाहीत. मग बुंध्याभोवती वीतभर अंतरावर गार्डन फोर्क खोल घालून चारी बाजूंनी सैल करा आणि मुळाचा गड्डा पूर्ण बाहेर काढा. टेकलेल्या फांद्यांखालची मुळेही तपासा. भिंतीच्या पायात शिरलेला असेल तर ओढू नका, भिंत हलते. जमिनीलगत कापून लगेच खुंटावर लेबलवर दिलेल्या प्रमाणात तणनाशक लावा. फळे असलेल्या फांद्या घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका, तिथली उष्णता बी मारण्याइतकी नसते. त्या कौन्सिलच्या गार्डन वेस्टच्या डब्यात जाऊ द्या. पुढची काही वर्षे वसंतात त्या जागी रोपे येतील. बोटाएवढी असताना ओल्या मातीतून सहज उपटतात.

त्या जागी काय लावावे? मधमाश्यांसाठी मार्जोरम आणि थाइम, पक्ष्यांसाठी हॉथॉर्न किंवा गेल्डर रोज. बाहेरून आलेले सॉर्बस, विशेषतः रस्त्याकडेला लावतात ते स्वीडिश व्हाइटबीम, घळईजवळच्या बागेत नको. त्याचेही बी पक्ष्यांबरोबर कड्यावर जाते.

दिवाळीच्या सुमारास कोटोनिॲस्टरची लालभडक फळे तोरणाला, रांगोळीभोवती फार शोभून दिसतात. घरात जरूर वापरा, उलट बरेच आहे. मात्र नंतर ती अंगणात किंवा डाउन्सवर टाकू नका. गौरी-गणपतीच्या दिवसांत पत्री आणि रानफुले गोळा करण्यासाठी डाउन्सच्या कडेला जाणे मात्र टाळावे ही कळकळीची विनंती. नेमक्या त्याच दिवसांत स्क्विल फुललेली असते आणि ब्रिस्टल अनियनचे गेंद बियांना आलेले असतात. ब्रिस्टल अनियन आणि ब्रिस्टल रॉक-क्रेस दोन्ही 1981 च्या त्याच कायद्याच्या शेड्यूल 8 मध्ये आहेत. त्यांचे फूल तोडणेही गुन्हा आहे. आणि कोणतेही रानझाड जमीनमालकाच्या परवानगीशिवाय मुळासकट उपटणे सर्वच ठिकाणी बेकायदा आहे. हे तणांनाही लागू, त्यामुळे उत्साहाने स्वतःच कड्यावर जाऊन कोटोनिॲस्टर उपटू नये.

आपल्यापैकी सह्याद्रीत कडे चढलेली बरीच तरुण मंडळी इथेही एव्हनवर चढाईला जातात. ठरलेल्या मार्गांवरच चढा आणि फटीतली माती, झुडपे बोटांनी उकरून ‘साफ’ करू नका. पकड घेण्यासाठी उकरलेली मूठभर माती साठायला दशके लागलेली असतात, आणि त्यातच रॉक-क्रेसचे बी असते. शिवनेरीच्या कड्यावरची शिवसुमन, म्हणजे फ्रेरिया इंडिका, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. तिथे खडक बेसॉल्टचा, इथे चुनखडीचा. पण फटीतल्या चिमूटभर मातीवर, उघड्या उन्हात जगण्याची रीत तीच. गडांवर पावसाळ्यात बीजगोळे फेकण्याचे उपक्रम होतात, तेव्हाही हाच विचार हवा: जिथे खडक उघडाच असायला हवा तिथे झाड रुजवणे म्हणजे आधीच्या रहिवाशाला हाकलणे.

कुत्रा फिरवणाऱ्यांनी विष्ठा उचलून न्यावी, ‘नैसर्गिक खत’ म्हणून सोडू नये. निकस मातीवर हे खत विषासारखे काम करते: पहिल्यांदा चिडवण, मग उंच गवत, मग बुटक्या वनस्पती गायब. वापरा-आणि-फेका बार्बेक्यू गवतावर ठेवला तर त्याखालचा चौकोन वर्षानुवर्षे भरून येत नाही. सी वॉल्सजवळ कठड्याबाहेरच्या पायवाटांवर जाऊ नका. पडण्याची भीती तर आहेच, शिवाय होनवर्टसारख्या झाडांची जागा अशीच पायदळी जाते.

घळईत हात लावून काम करायचे असेल तर त्याची रीतसर वाट आहे. क्लिफ्टनच्या बाजूचे माळ डाउन्स कमिटीच्या देखरेखीखाली आहेत; ली वूड्स नॅशनल ट्रस्ट आणि फॉरेस्ट्री इंग्लंड सांभाळतात; आणि 1999 पासून एव्हन गॉर्ज अँड डाउन्स वाइल्डलाइफ प्रोजेक्ट या सगळ्यांना एकत्र आणून काम करतो. स्वयंसेवकांना दोरावर उतरवत नाहीत. सपाटीवरची झुडपे कापणे, तोडलेला माल ओढून बाहेर काढणे, गवत कापल्यावर ते गोळा करून नेणे अशी कामे असतात. जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, घोट्यावर येणारे बूट आणि पावसाचे जाकीट पुरे; अवजारे बहुधा तिथेच मिळतात. मुलांना ही झाडे जवळून दाखवायची असतील तर स्टोक बिशपमधली ब्रिस्टल विद्यापीठाची वनस्पती बाग गाठा. तिथे घळईतल्या वनस्पती नावाच्या पाट्यांसह लावल्या आहेत आणि त्यांच्यासाठी कड्यावर कुणाचे पाऊल पडत नाही.

मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना एक वेगळी सूचना. वर्षाच्या कार्यक्रमांत वृक्षारोपण ठरवत असाल तर जागा निवडण्याआधी तिथल्या मातीची आणि गवताची चौकशी करा. चुनखडीवरच्या जुन्या माळावर रोप लावण्यापेक्षा एखाद्या शाळेच्या डांबरी आवाराच्या कडेला लावा, तिथे सावलीची खरोखर गरज असते. आणि ऑगस्टअखेर एखाद्या शनिवारी सभासदांच्या घरचे कोटोनिॲस्टर मिळून काढायचे ठरवले, तर चार जणांना एका बागेला साधारण अर्धा दिवस पुरतो. कोणाच्या बागेतल्या झुडपाबद्दल शंका असेल तर फुलांच्या दिवसांत, म्हणजे मे-जूनमध्ये, फांदीचा आणि पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. त्यावरून जात ठरवणे सोपे जाते.

कळावे, लोभ असावा.

आपले,
एव्हन घळईच्या वनस्पतींसाठी काम करणारे काही मराठी स्वयंसेवक